घोडीची कास अवेळी भरली किंवा दूध आले, तर काय करावे

घोडीची कास फुगलेली दिसली किंवा सडांतून दूध गळू लागले, की पहिला हात कासेकडे जातो आणि ती पिळून पाहिली जाते. गाई-म्हशी सांभाळणाऱ्या घरात ही सवय साहजिक आहे. घोडीच्या बाबतीत मात्र ती महागात पडते. घोडी गाभण असेल, तर पिळून काढलेल्या प्रत्येक पेल्याबरोबर येणाऱ्या शिंगराच्या वाट्याचा चीक जमिनीवर जातो. आणि ती गाभण नसेल, तर पिळण्यामुळे कासेला दूध बनवत राहण्याची चालना मिळून, एरवी आपोआप आटले असते ते दूध लांबत जाते. म्हणून कास पिळण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात: घोडी गाभण आहे का, आणि असल्यास आज तिचा कितवा दिवस आहे.

यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीवर सोडू नये. आपल्याकडे पुष्कळ घोड्या बाजारातून येतात. दत्तजयंतीला भरणारी तापीकाठची सारंगखेड्याची यात्रा असो वा नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, हे मोठे घोडेबाजार थंडीत भरतात, आणि आधीच्या उन्हाळ्यात भरवलेली, म्हणजे घोड्याला दाखवलेली, घोडी त्या वेळी सहा-सात महिन्यांची गाभण असू शकते. पहिलटकरणीचे पोट तोवर फारसे दिसत नाही. विकणाऱ्यालाही कधी ठाऊक नसते, कधी तो सांगत नाही, आणि फाल्गुन-चैत्रात कास भरू लागली की घेणारा चकित होतो. ‘ती घोड्याजवळ गेलेलीच नाही’ हे वाक्य मी तरी तपासणीशिवाय मान्य करणार नाही. गुदमार्गातून हाताने केलेली तपासणी किंवा सोनोग्राफी यांतून पशुवैद्यक त्याच भेटीत निर्णय देऊ शकतो.

दिवस मोजताना गाईचा नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब येथे चालत नाही. घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा, म्हणजे अकरा महिन्यांच्या थोडा पुढे असतो, आणि ३२० ते ३६५ दिवस ही निसर्गाची नेहमीची मर्यादा मानली जाते. भरवल्याची तारीख लिहून ठेवलेली असेल, तर पुढचे अर्धे काम सोपे होते.

नेहमीची भरती कशी ओळखावी

घोडीची कास मांड्यांच्या बेचक्यात वर लपलेली असते आणि बाहेरून दोनच सड दिसतात. आत मात्र चार कप्पे असतात आणि प्रत्येक सडाच्या टोकाशी दोन, क्वचित तीन, छिद्रे असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे औषधोपचाराच्या वेळी तिचे महत्त्व कळते.

विण्याच्या साधारण चार ते सहा आठवडे आधी कास हळूहळू आकार घेऊ लागते. सुरुवातीला ती रात्री उभ्याने भरते आणि सकाळी फिरवून आणल्यावर थोडी उतरते. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र ती भरलेलीच राहते आणि सडही फुगतात. विण्याच्या एक ते चार दिवस आधी सडांच्या टोकांवर मेणबत्तीच्या ओघळासारखे पिवळसर मणी जमतात. हे मणी म्हणजे वाळलेला चीक असतो. ते खरवडून काढू नयेत. सर्वच घोड्यांत ते दिसतात असे नाही, आणि पहिलटकरीण घोडी तर कधी कधी विण्याच्या आदल्या दिवसापर्यंत जवळजवळ रिकामी कास घेऊन फिरते.

स्रावाचा रंग पाहण्यासाठी दोन थेंब तळहातावर घेणे म्हणजे पिळणे नव्हे, तेवढे चालते. हात स्वच्छ धुवावेत, एका माणसाने घोडीच्या डोक्याशी त्याच बाजूला दोर धरून उभे राहावे, आणि दुसऱ्याने खांद्यापासून पाठीवर हात फिरवत, अंगाला अंग लावून मागे सरकावे. एरवी गरीब असलेली घोडीही दुखऱ्या कासेला हात लागताच लाथ झाडते. तळहातावरील थेंब प्रथम पातळ आणि पेंढ्याच्या रंगाचा असतो, मग राखाडी व धूसर होतो, आणि विण्याच्या तोंडावर बोटांत धरून ताणला तर तार धरणारा दाट पिवळसर चीक होतो. तोच थेंब विण्याआधीच पातळ, पांढरा दिसत असेल, तर चीक आधीच गळून गेल्याचा तो इशारा आहे.

काही जण या थेंबांतील कॅल्शियम पाण्याची कठीणता मोजणाऱ्या पट्टीने तपासतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात प्रमाण २०० पीपीएमच्या (दशलक्षात २०० भाग) वर गेले, की पूर्ण दिवस भरलेली घोडी बहुधा एक-दोन दिवसांत विते. पण हेच प्रमाण ३१० दिवसांच्या आत वाढलेले आढळले, तर त्याला विण्याची तयारी समजू नये. वार, म्हणजे गर्भाला पोसणारे आवरण, आजारी असल्याचे ते चिन्ह असू शकते.

वेळेआधी आलेले दूध

गाभण घोडीत विण्याच्या एक महिन्याहून अधिक आधी कास भरून दूध उतरू लागले, तर ती तातडीची बाब मानून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. घोडी खातेपिते आहे, ताप नाही, चालण्यात उत्साह आहे, यावर विसंबून थांबू नये, कारण या आजारात घोडी शेवटपर्यंत अगदी ठणठणीत दिसू शकते.

सर्वांत जास्त काळजीचे कारण म्हणजे वारेचा दाह. शेपटीखालून शिरलेले जंतू गर्भाशयमुख ओलांडून वारेच्या त्या टोकाला पोहोचतात आणि तेथून ती जाड होत, सुटत जाते. स्ट्रेप्टोकोकस झूएपिडेमिकस, ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास हे जंतू यात नेहमी सापडतात. कधी बुरशीही असते. वारेवर आलेल्या या ताणामुळे गर्भाची आणि घोडीची संप्रेरके लवकर हलतात आणि कासेला विण्याची वेळ झाल्याचा चुकीचा निरोप मिळतो. वयस्क, अनेकदा व्यालेल्या आणि योनिद्वाराची ठेवण आडवी किंवा आत ओढलेली असलेल्या घोड्यांत हा धोका अधिक असतो. शेपटी उचलून योनिद्वाराच्या खालच्या कडेला चिकट, पिवळसर किंवा लालसर डाग आहे का, शेपटीचे केस तेथे गोळा होऊन चिकटले आहेत का, हे रोज पाहावे. स्राव अगदी थोडा असतो आणि घोडीने शेपूट झटकली की तोही पुसला जातो, म्हणून ही पाहणी सकाळी लवकर, खराऱ्याच्या आधी करणे बरे.

पशुवैद्यक गुदमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयाची भिंत आणि वार यांची एकत्रित जाडी मोजतो. ही जाडी २७१ ते ३०० दिवसांत ८ मिलिमीटरपर्यंत, ३०१ ते ३३० दिवसांत १० मिलिमीटरपर्यंत आणि त्यानंतर १२ मिलिमीटरपर्यंत असणे हे नेहमीचे. त्याहून जाडी जास्त असेल, किंवा दोन थरांत पू साठलेला दिसत असेल, तर उपचार लगेच सुरू होतात. त्यांत ट्रायमेथोप्रिम-सल्फासारखी प्रतिजैविके, दाह कमी करणारी औषधे आणि गर्भ टिकवण्यासाठी अल्ट्रेनोजेस्ट यांचा वापर होतो. लवकर पकडलेल्या घोडीत गर्भ काही आठवडे टिकवून जिवंत शिंगरू मिळवता येते. ३०० दिवसांच्या आत जन्मलेले शिंगरू सहसा जगत नाही, त्यामुळे येथे एकेक आठवडा मोलाचा असतो.

दुसरे मोठे कारण जुळ्यांचे आहे. घोडीच्या गर्भाशयात दोन शिंगरांना पुरेल एवढी वारेची जागा नसते. बहुतेक जुळी गर्भारपणे गाभडण्यात संपतात, आणि पुष्कळदा ती सात-आठ महिन्यांनंतर संपतात. दोघांपैकी एक आत मेला, की कास भरू लागते. हे टाळण्याची खरी वेळ फार आधीची असते: भरवल्यानंतर १४ ते १६ दिवसांनी सोनोग्राफी केली, तर दोन गर्भपिशव्यांपैकी एक त्याच वेळी दाबून नष्ट करता येते. शर्यतीच्या घोड्यांच्या पैदास केंद्रांत ही तपासणी नित्याची आहे. गावाकडे मात्र ती खर्चिक चैन समजली जाते, आणि हा समज सोडायला हवा असे मला वाटते.

अशा घोडीला पान्हा सोडवण्याचे इंजेक्शन, म्हणजे ऑक्सिटोसिन, कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नये. गोठ्यात सर्रास गैरवापर होणारे हे औषध गाभण घोडीला दिल्यास ती त्या दिवशीच विऊ शकते, आणि दिवस कमी असतील तर शिंगरू गमावले जाते.

वारेचा दाह झालेली घोडी वितांना आणखी एक संकट उभे राहू शकते, ते माहीत असावे. नेहमी आधी पांढरट-निळसर पातळ पिशवी बाहेर येते. तिच्याऐवजी गडद लाल, मखमली पडदा दिसला, तर वार आधीच सुटलेली आहे आणि आत शिंगराचा प्राणवायू तुटलेला आहे. डॉक्टरांची वाट पाहत बसू नये. तो पडदा स्वच्छ कात्रीने लगेच कापून शिंगरू हलक्या हाताने ओढून घ्यावे.

गाभडलेले शिंगरू आणि वार फेकून देऊ नये. हातमोजे घालून ती झाकून गार जागी ठेवावी आणि पशुवैद्यकामार्फत नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. घोड्यांच्या रोगांवर काम करणारे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हरियाणातील हिसारला आहे. घोड्यांच्या हर्पिस विषाणूमुळे होणारा गर्भपात बहुधा कास न भरता, पूर्वसूचनेशिवाय होतो आणि तबेल्यातील इतर गाभण घोड्यांना पसरतो, त्यामुळे निदान होईपर्यंत ती घोडी वेगळी बांधावी.

गळून गेलेला चीक आणि शिंगरू

घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत जात नाहीत. शिंगरू त्यांच्याविनाच जन्मते आणि ती सर्व त्याला चिकातून मिळवावी लागतात. पहिल्या काही तासांत आतडे ही द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेते, १२ तासांनंतर ही क्षमता बरीच घटते आणि साधारण २४ तासांत संपते. कासेत चीक एकदाच बनतो. तो आठवडाभर गळत राहिला, तर मांड्यांच्या आतील बाजूने ढोपरापर्यंत वाळलेले पांढरट ओघळ दिसतात, आणि विण्याच्या वेळी कासेत फक्त दूध उरते. दूध पिऊन शिंगराचे पोट भरते, संरक्षण मात्र मिळत नाही.

म्हणून दूध विण्याआधी गळू लागले, की दुसऱ्या घोडीचा चीक मिळवण्याची व्यवस्था त्याच दिवसापासून करावी. नुकत्याच व्यालेल्या निरोगी घोडीचे स्वतःचे शिंगरू पिऊन झाल्यावर तिच्याकडून पाव लिटरभर चीक घेता येतो. उणे २० अंशांवर गोठवल्यास तो वर्षभर टिकतो. तो कोमट पाण्यात भांडे ठेवून वितळवावा, चुलीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. मोठ्या जातीच्या शिंगराला पहिल्या सहा-आठ तासांत थोडा थोडा करून एकूण एक ते दोन लिटर चीक लागतो. गाभण घोडीची कास सतत गळत असेल आणि विणे अगदी जवळ असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गळणारा दाट चीक स्वच्छ बाटलीत धरून गोठवून ठेवता येतो. वाया जाण्यापेक्षा ते बरे.

शिंगरू जन्मल्यावर १८ ते २४ तासांनी त्याच्या रक्तातील आयजीजी, म्हणजे चिकातून मिळणारे रोगप्रतिकारक द्रव्य, तपासून घ्यावे. ते डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असावे. ४०० च्या खाली असल्यास शिंगराला रक्तद्रव (प्लाझ्मा) देण्याचा विचार करावा लागतो.

येथेच एक उलटी खूण सांगून ठेवतो. शिंगरू जवळ असताना घोडीची कास ताणलेली दिसत असेल आणि शिंगराच्या कपाळावर व तोंडावर दूध ओघळलेले असेल, तर दोष कासेत शोधू नये. निरोगी शिंगरू तासाला अनेकदा पिते आणि कास मऊ ठेवते. भरलेली कास म्हणजे शिंगरू पीत नाही, आणि ते बहुधा आजारी आहे.

दगडी, म्हणजे कासेचा दाह

घोड्यांत दगडी गाईंइतकी वारंवार होत नाही, पण दूध पाजणाऱ्या, शिंगरापासून नुकत्याच तोडलेल्या आणि कधी अजिबात दूध नसलेल्या घोडीलाही ती होते. बहुधा कासेची एकच बाजू सुजते, गरम लागते आणि हात सहन होत नाही. सूज कासेपुढे पोटाखाली पसरते. तेथे अंगठा दाबून काढला तर खळगा काही क्षण तसाच राहतो. घोडी त्या बाजूचा मागचा पाय अडखळत किंवा बाहेर फेकत टाकते, आणि त्यामुळे मालक आधी खुराकडे पाहतो, नाल काढून बघतो, कासेकडे मात्र शेवटी वळतो. पाठीमागून लंगडणाऱ्या घोडीची कास तपासणे हा नियमच करावा.

ताप गुदद्वारातून मोजावा. प्रौढ घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ ते १०१.३ अंश फॅरनहाइट असते. त्याहून जास्त असेल, किंवा दुधात गुठळ्या, पाणी, रक्त दिसत असेल, तर दगडीचा संशय पक्का धरावा. औषध सुरू करण्यापूर्वी निर्जंतुक बाटलीत दुधाचा नमुना घेतला जाईल असे पाहावे, कारण कोणत्या जंतूवर कोणते प्रतिजैविक चालेल हे त्यातूनच कळते.

कास पिळू नये या नियमाला अपवाद आहे तो इथेच. दगडी निश्चित झाल्यावर दिवसातून अनेकदा हलक्या हाताने कास रिकामी करावी, आधी कोमट पाण्याच्या फडक्याने शेकावे, आणि घोडीला सावकाश चालवावे. गाईच्या सडात सोडायच्या औषधी नळ्यांचे टोक घोडीच्या बारीक छिद्राला जाड व लांब पडते. ते पूर्ण आत खुपसल्यास सड आतून फाटते. शिवाय एका सडाला दोन छिद्रे असल्याने एकातच औषध सोडले, तर शेजारचा कप्पा कोरडा राहतो. त्यामुळे मुख्य भर इंजेक्शनने किंवा तोंडाने दिलेल्या प्रतिजैविकांवर असतो.

ही प्रतिजैविके औषधाच्या दुकानातून स्वतः आणू नयेत. लिंकोमायसिन, टायलोसिन यांसारखी गुरांत चालणारी औषधे घोड्याच्या मोठ्या आतड्यातील उपयुक्त जंतू मारून जीवघेणी हगवण लावू शकतात. वेदनेसाठी डायक्लोफिनॅक मागू नये. गिधाडांच्या नाशाला कारण ठरल्यामुळे जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे.

सूज आहे, पण कासेचा दोष नाही

दिवसभर बांधून ठेवलेल्या, दिवस भरत आलेल्या घोडीच्या पोटाखाली आणि कासेपुढे मऊ, न दुखणारी सूज येते. फिरवल्यावर ती उतरते. मात्र सूज एकाएकी वाढून दुखरी झाली, पोटाची रेषा खाली झुकली, घोडीला हलवेना आणि दुधात रक्त दिसले, तर पोटाच्या भिंतीला किंवा ओटीच्या कंडऱ्याला इजा झाली असू शकते. अशा घोडीला मुळीच चालवू नये, जागच्या जागी ठेवून डॉक्टरांना बोलवावे. पोटाखाली व पायांवर सूज, चढउतार करणारा ताप आणि फिकट पडलेले डोळे एकत्र दिसले, तर चावणाऱ्या माश्यांमार्फत पसरणाऱ्या सर्रा रोगासाठी रक्त तपासावे. दोन सडांमधील खाचेत साठलेला काळा मळ मात्र किरकोळ असतो. त्यामुळे घोडी शेपूट घासते, आणि कोमट पाण्याने तो धुतला की भागते.

घोडी गाभण नाही, तरी दूध येते

तपासणीत गर्भ नाही हे ठरल्यावर घाई संपते, शोध मात्र चालू राहतो. आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. तबेल्यातील मोठे शिंगरू किंवा दुसरी घोडी तिला चोरून पिते का? सडांभोवतीची त्वचा ओली, लाळेने चिकटलेली असेल, तर उत्तर मिळाले. नुकतेच डोमपेरिडोनसारखे औषध दिले गेले का? ते प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारे संप्रेरक, वाढवते, आणि दूध कमी असलेल्या घोडीला मुद्दाम त्यासाठीच दिले जाते. पावसाळ्यात कोवळे गवत एकदम भरपूर मिळाले, किंवा लसूणघास वाढवला, तर काही घोड्यांची कास थोडी भरते. लसूणघासात स्त्रीसंप्रेरकासारखी वनस्पतिजन्य द्रव्ये असतात. अशा वेळी हिरवा चारा व खुराक कमी करून कोरडे गवत वाढवावे, काम किंवा फिरवणे वाढवावे, आणि कास सोडून द्यावी.

घोडी पंधरा वर्षांपुढची असेल, तर मेंदूतील पीयूषिका ग्रंथीचा आजार, म्हणजे कुशिंग, ध्यानात घ्यावा. या आजारात प्रोलॅक्टिनवर अंकुश ठेवणारे डोपामिन कमी पडते. उन्हाळा आला तरी लांब, कुरळे केस न झडणे, पाठीचे मांस उतरून पोट सुटणे, जास्त पाणी पिणे आणि वारंवार खूर धरणे, म्हणजे खुरांचा दाह होणे, या खुणा सोबत असल्यास रक्तातील एसीटीएच, म्हणजे त्या ग्रंथीचे एक संप्रेरक, तपासून घ्यावे. उपचार पर्गोलाइडने होतो आणि तो आयुष्यभर चालतो. बरी न होणारी, एकाच बाजूची टणक गाठ किंवा फुटलेली जखम असेल, तर तुकडा तपासणीला पाठवावा, कारण घोडीच्या कासेत कर्करोग दुर्मीळ असला तरी तो वेगाने पसरतो.

राहिली शिंगरू तोडल्यानंतरची कास. चार ते सहा महिन्यांच्या शिंगराला तोडण्याच्या काही दिवस आधीपासून घोडीचा हरभरा व इतर खुराक कमी करावा आणि तोडल्यावर तिला रोज फिरवावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कास सर्वांत ताठ होते आणि पाहणाऱ्याला ती रिकामी करण्याचा मोह होतो. तो आवरावा, आतला ताणच दूध आटवतो. दिवसातून एकदा हाताने दोन्ही बाजूंची उष्णता ताडून पाहावी, ताप मोजावा, आणि एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली तरच थेंब काढून डॉक्टरांना दाखवावा. जवळ पशुवैद्यक नसल्यास १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाला बोलावता येते. बोलताना घोडीचे वय, भरवल्याची तारीख, ताप, कासेची कोणती बाजू आणि स्रावाचा रंग एवढे आधी कागदावर लिहून ठेवावे.